समोरचं पान

मीठ

पान मांडलं की आधी मीठ वाढतात. चिमूट पडली की जेवण सुरू झालं असं समजायचं, पोटात घास गेलेला नसला तरी.

वेदगंगेच्या काठावर, निपाणीपासून फटफटीनं चहा गार व्हायच्या आत पोचता येईल असं एक गाव आहे. तिथल्या लग्नात अजून एक जादा पान मांडतात. म्हणजे तसा बुफे आलाय. माणसं ताटं घेऊन उभ्यानं जेवतात, एकमेकांच्या शर्टावर आमटी सांडतात. पण मांडवाच्या मागच्या अंगाला, आचाऱ्याच्या चुलीजवळ, व्याह्यांची एक पंगत बसतेच, आणि तिच्यात दोन केळीची पानं समोरासमोर असतात. एकावर मुलाकडचा खाणारा बसतो, दुसऱ्यावर मुलीकडचा. या दुसऱ्याला म्हणतात ‘समोरचं पान’. दोघांना हुग्गी वाढत राहायचं. खपली गहू शिजवून त्यात गूळ, वरून दूध आणि तूप, ती हुग्गी. ज्याचा हात आधी पानावर आडवा होईल, तो हरला. बक्षीस काही नसतं. हरलेल्या बाजूनं पुढं पोरांची लग्नं होईपर्यंत टोमणे खायचे, एवढंच.

समोरच्या पानावर नेमिनाथ मगदूम बसायचा. त्यानं कुठल्या लग्नात किती वाट्या हुग्गी खाल्ली, हा आकडा सांगणाऱ्याप्रमाणे बदलतो. खुद्द नेमिनाथला विचारलं तर तो म्हणायचा, मोजत बसलो असतो तर खाल्लं कधी असतं?

लिंबू

मग त्याचं पोट काढलं.

हे अगदी खरोखरचं. बेळगावच्या दवाखान्यात, टेबलावर झोपवून. आत गाठ होती. जठर सगळंच काढावं लागलं आणि डॉक्टरांनी अन्ननळी नेऊन थेट आतड्याला जोडली. नेमिनाथ घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. गावाला मात्र वेगळाच पेच पडला. पोटच न्हाय तर हा जेवतो कुठं? भेटायला येणारे फळं घेऊन यायचे, ती कुठं ठेवायची ते न सुचून हातात धरून बसायचे, आणि जाताना हळूच त्याच्या बंडीकडं बघून जायचे.

खाणं आता थोडं थोडं, दिवसभर, चिमणीसारखं. गोड वर्ज्य. साखरेला थांबायला पोटच नसल्यामुळं ती धाडकन आतड्यात जाते आणि माणूस घामानं डबडबून आडवा होतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. नेमिनाथनं ऐकून घेतलं, आणि एका सकाळी गोठ्यात जाऊन, म्हशींशिवाय कुणी बघत नाही अशी खात्री करून, एक जिलबी खाल्ली. तारामतीला तो दोन म्हशींच्या मधे पडलेला सापडला. कपाळावरून पाण्यासारखा घाम वाहत होता. तिनं आधी त्याला उठवलं, मग बसवलं, मग जे काय बोलायचं ते बोलली. म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या होत्या म्हणतात.

पण भूक ही त्याची अडचण नव्हतीच. अडचण अशी होती की आपण कोण, हे त्याला सांगता येईना. पूर्वी तो मांडवात शिरला की शामू आचारी चुलीवरून उठून बघायला यायचा आणि आत ओरडून आणखी गहू भिजवायला सांगायचा. आता तोच शामू जवळ येऊन दबक्या आवाजात विचारायचा, अण्णा, तुमच्यासाठी मऊ भात लावू का? लोक त्याच्याशी बोलताना आवाज खाली आणायचे. बोलता बोलता स्वतःचंच पोट चाचपायचे. एकेकाळी ज्याला बघून यजमानाला धडकी भरायची, त्याला बघून आता यजमान खुर्ची पुढं करत होते.

त्यानं दुसरं काहीतरी होऊन बघितलं. काही दिवस तो धार्मिक झाला. बस्तीत, म्हणजे जैन देवळात, स्वाध्यायाला बसू लागला, पण पोथीच्या तिसऱ्या पानावर घोरायचा, आणि घोरणं मात्र जुन्या मापाचंच राहिलं होतं. मग भजनात टाळ घेतला. टाळ एकीकडं आणि भजन दुसरीकडं असं झाल्यावर मंडळींनी फार आदरानं त्याला पुढच्या रांगेत, टाळाशिवाय, बसवलं. मग तो राजकारणावर बोलू लागला. तेव्हा तारामती म्हणाली, “अवो, त्यापेक्षा आजारी होतासा तेच बरं होतं.”

कोशिंबीर

धाकट्या भावाच्या, भूपालच्या मुलीचं, राजश्रीचं लग्न ठरलं. स्थळ चिकोडीकडचं. साखरपुड्यातच कळलं की त्यांच्याकडून नवऱ्या मुलाचा मामा बसणार. नागेंद्र खोत. हे नाव निघाल्यावर भूपालनं हातातला चहा खाली ठेवला. नागेंद्र ज्या लग्नात बसतो त्या लग्नाचे फोटो मुलीकडचे लोक लावत नाहीत, अशी त्याची ख्याती होती.

घरात बैठक झाली. नेमिनाथ कोपऱ्यात, लोडाला टेकून. सगळे आपापसात बोलत होते आणि त्याच्याकडं बघायचं टाळत होते. शेवटी ठरलं की भूपालचा मुलगा अरिहंत बसेल. अरिहंत बेळगावात नोकरीला होता, कॅम्पातल्या जिममध्ये जायचा, दंड बैलाच्या वशिंडासारखे. तो उकडलेले हरभरे मोजून खातो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दंड बघून सगळ्यांचं समाधान झालं.

“मी बसतो,” नेमिनाथ म्हणाला.

खोलीत एकदम सगळ्यांना खोकला आला.

“अण्णा,” भूपाल अगदी मायेनं म्हणाला, “तुम्ही दारात बसा की. पाव्हण्यास्नी अत्तर लावायला. खुर्ची ठेवतो. गादी घालून.”

“गादी.”

“पंखाबी लावतो.”

“आणि हार घालून माझा फोटोबी लाव मागं,” नेमिनाथ म्हणाला. “अत्तर काय, उदबत्तीबी तिथंच लागंल.”

तारामतीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला. पण आतून तो गप्प झाला नव्हता. त्याला समोरच्या पानावर बसायचंच होतं असं नाही. बसून काय करणार, एक वाटी हुग्गी म्हणजे एक गोठा. त्याला फक्त एवढं हवं होतं की त्या मांडवात कुणीतरी, एका क्षणासाठी का होईना, त्याला बघून घाबरावं.

लोणचं

नको. डॉक्टरांनी सांगितलंय.

वरणभात

लग्नाच्या दिवशी नेमिनाथ दारात गादीच्या खुर्चीवर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावू लागला. चिकोडीचं वऱ्हाड आलं. त्यात मधोमध नागेंद्र. रुंद, गोरा, पायघोळ धोतर, वर जाकीट, आणि चेहऱ्यावर देवळात नवस फेडायला आल्याचा शांतपणा. त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याच्या गावची माणसं अशी चालत होती जणू पैलवान आखाड्यात आणतायत.

नागेंद्रनं हात पुढं केला. नेमिनाथनं अत्तर लावलं.

“मगदूम अण्णा म्हणजे तुम्हीच?” नागेंद्र थबकून म्हणाला. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग त्याचा आवाज इतरांसारखाच खाली आला. “लई ऐकलंतं तुमच्याबद्दल. आता कसं हाईसा? जपा तब्येतीला.”

नेमिनाथनं त्याच्या दुसऱ्या मनगटालाही अत्तर लावलं. विनाकारण.

अक्षता पडल्या. मागच्या अंगाला पंगत बसली. ऊन अजून चांगलं होतं. दिवस बुडायच्या आत पानं उठली पाहिजेत, त्यामुळं शामूनं घाई चालवली होती. वरणभात दोघांनी नावापुरता खाल्ला. खरा खाणारा वरणभाताला नुसता नमस्कार करतो. मग हुग्गी आली.

अरिहंतनं पहिल्या वाट्या झपाट्यानं संपवल्या आणि मुलीकडच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. खुर्ची उचलून तिथंच आणून बसलेल्या नेमिनाथनं मान हलवली. घाईनं खाणारा माणूस पळून आलेल्या नवरीसारखा, सुरुवात जोरात आणि पुढं काय ते ठाऊक नसतं. नागेंद्र सावकाश जेवत होता. तोंड बंद, डोळे पानावर, कुणाशी अक्षर बोलत नव्हता. एक लय होती त्याच्या हाताला. ती लय नेमिनाथ ओळखत होता. त्याचा स्वतःचा उजवा हात मांडीवर नकळत तशीच बोटं जुळवत होता.

काही वेळानं अरिहंतनं एक घास तोंडात धरून ठेवला. तो ना आत जाईना, ना बाहेर येईना. जिममधल्या मास्तरानं असल्या प्रसंगाबद्दल काही शिकवलं नसावं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात पानावर आडवा झाला.

चिकोडीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. भूपाल चुलीकडं तोंड करून उभा राहिला.

“पान पडलं,” नेमिनाथ खुर्चीतून म्हणाला. “पळी ऱ्हायलीया.”

सगळे त्याच्याकडं वळले. नियम जुना होता. समोरचं पान पडलं तर मुलीकडच्या घरातल्या एका थोरल्या माणसानं उठून मुलाकडच्या खाणाऱ्याला स्वतःच्या हातानं वाढत राहायचं. थोरल्यानं वाढलेलं त्यानं नाकारलं तर तोही आडवा हातच, म्हणजे मुलाकडचे हरले. फक्त वाढणाऱ्याच्या हातून पान खराब झालं तर डाव मोडला, जिंकलं कुणीच नाही. गाव हा नियम विसरून गेलं होतं, कारण नेमिनाथ बसायचा तोवर पान कधी पडलंच नव्हतं. चिकोडीच्या एका म्हाताऱ्याला मात्र तो आठवला. व्हय, आहे असं, तो नाइलाजानं म्हणाला.

हुग्गीची बादली नेमिनाथला उचलणं शक्य नव्हतं. ती त्यानं शामूला घ्यायला लावली आणि स्वतः तुपाचं भांडं घेतलं.

हुग्गी

जो आयुष्यभर किल्ला लढवत आला त्याला किल्ल्याला भगदाड कुठं पडतं ते ठाऊक असतं. दुधाबरोबर हुग्गी घसरत जाते, म्हणून नेमिनाथनं दुधाचं पातेलं लांब ठेवायला सांगितलं. गरम तूप मात्र आत जाऊन बसतं, उठत नाही. तुपाची धार त्यानं बारीक धरली, लांबवर धरली, जणू कलशाभिषेक चालला होता.

पण तूप हे निम्मंच हत्यार होतं. खाणाऱ्याची खरी ताकद गप्प राहण्यात असते. घास, गिळणं, श्वास, परत घास. मधे शब्द आला की लय मोडते आणि पोटाला कळतं की आपण भरलोय. आणि थोरल्या व्याह्यानं विचारपूस केली तर भरल्या तोंडानं उत्तर द्यायची कुणाची छाती नाही.

“तुमची थोरली आत्या सदलग्याला दिलीया, न्हवं?” नेमिनाथनं तूप सोडत विचारलं.

नागेंद्रनं घास गिळला. व्हय म्हणाला. घास घेतला.

“तिच्या जावेचं माहेर कुठलं?”

गिळलं. बोरगाव, म्हणाला.

“बोरगावात चौगुल्यांच्यात का मगदुमांच्यात?”

चौगुल्यांच्यात.

“मग ती आमच्या साडूची कोण लागली?”

यावर नागेंद्रला खरोखरच विचार करावा लागला. हातातला घास हातात राहिला. मागं एक बाई म्हणाली, चुलत मावससासू. दुसरी म्हणाली, न्हाय न्हाय, आतेसासू. पंगतीत वाद पेटला. नेमिनाथनं तेवढ्यात आणखी एक पळी हुग्गी टाकायची खूण केली आणि वर तूप सोडलं.

पुढं तो चुलत्यांवर गेला. चुलत्यांवरून विहिणींवर. चिकोडी तालुका, हुक्केरी तालुका, नदीपलीकडची कागलकडची मंडळी, लग्न मोडलेली स्थळं, दत्तक गेलेली पोरं. मृतांचीसुद्धा विचारपूस केली. नागेंद्र प्रत्येक उत्तरासाठी गिळत होता आणि प्रत्येक गिळण्यानंतर थोडा जास्त वेळ घेत होता. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले.

आणि नागेंद्रनं मान वर करून नेमिनाथकडं बघितलं. त्या नजरेत सहानुभूती नव्हती. भीती होती, स्वच्छ, चांगल्या प्रतीची भीती. नेमिनाथचं अंग असं शहारलं जसं ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कुणी त्याला नावानं हाक मारली असावी. त्याच्यात पोट नव्हतं, पण त्या जागी काहीतरी फुगलं होतं खरं. मांडवातले लोक जवळ सरकले होते. शामू बादली धरून त्याच्या खुणेची वाट बघत उभा होता, जुन्या दिवसांसारखा ताठ. आणखी दोन पळ्या. फार तर तीन.

तूप

तेवढ्यात नेमिनाथला ती बोटं दिसली.

नागेंद्रनं डाव्या हाताची दोन बोटं छातीच्या हाडाखाली, मधोमध, दाबून धरली होती. खांदा किंचित पुढं. तोंडावर हसू तसंच. मग त्याच हातानं जाकिटाच्या खिशातून एक गुलाबी गोळी काढली, तोंड पुसल्यासारखं करून जिभेवर ठेवली. हे इतक्या सफाईनं झालं की शेजारच्यालाही कळलं नाही. नेमिनाथला कळलं, कारण त्यानं स्वतः हीच सफाई सलग दोन दिवाळ्या केली होती. दोन बोटं, पुढं आलेला खांदा, गुलाबी गोळी, आणि तारामतीनं विचारलं की ‘गॅस झालाय’.

तो तूप वाढायला खाली वाकला. आवाज फक्त दोघांपुरता ठेवला.

“किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“बोटं.”

नागेंद्रनं डावा हात मांडीवर घेतला. “गॅस हाय, अण्णा.”

“माझाबी गॅसच होता.”

वरून बघणाऱ्याला वाटलं असेल, अजून एखाद्या आत्याची चौकशी चाललीय. नागेंद्रचा घास पानातच राहिला.

“रात्री झोपमोड हुतीया? सकाळी परसाकडं काळं हुतंय का?”

नागेंद्रनं पापण्या खाली घातल्या. ते उत्तर पुरेसं होतं.

“हात आडवा करा,” नेमिनाथ म्हणाला.

“न्हाय जमायचं.”

“करा म्हणतो मी.”

“अण्णा,” नागेंद्र पानाकडंच बघत म्हणाला, “शेत भाऊ बघतो. दुकान टाकलंतं, बसलं. मला लग्नाला बोलवतात ते ह्याच्यासाठी. हात आडवा करून मागं ह्या माणसांच्या तोंडाकडं बघू कसा? तुम्हाला तरी कळायला पायजे.”

कळत होतं. तेच तर वाईट होतं. नेमिनाथ तुपाचं भांडं धरून वाकलेला राहिला. तीन पळ्या वाढल्या की हा माणूस पडणार. आपण जिंकणार, आणि हा त्या गुलाबी गोळ्या खात घरी जाऊन झोपणार, आणखी दोन दिवाळ्या. न वाढता मागं फिरलं तर राजश्रीच्या लग्नात घरानं पळी टाकली असं होणार, आणि आपण परत दारातल्या गादीवर. समजावून सांगायला सोय नाही. पन्नास माणसं कान टवकारून उभी.

त्याचं लक्ष शेजारी घडी घालून रचलेल्या सतरंज्यांवर गेलं. ढीग चांगला मऊ होता.

नेमिनाथनं आधी भांडं नीट तिरकं केलं, सगळं तूप नागेंद्रच्या पानावर, हुग्गीवर, धोतरावर जाईल असं. मग “अगं आई” एवढंच, फार मोठ्यानं नाही, म्हणाला, आणि सतरंज्यांवर कोसळला.

सतरंज्यांवर

डोळे मिटलेले. आवाज फक्त.

“पाणी आणा, पाणी.”

“पाणी नको, चप्पल हुंगवा.”

“आरं, चप्पल फेफऱ्याला हुंगवतात. ह्याला पोटच न्हाय.”

“तरी मी म्हणालोतो, ह्यांना उठू देऊ नका म्हणून.” हा शामू. “आणि सगळं तूप गेलं वो. गाईचं होतं.”

“पान खराब झालं. डाव मोडला.” हा चिकोडीचा म्हातारा. त्याच्या आवाजात सुटकेचा एवढा मोठा श्वास होता की नेमिनाथला हसू आलं. त्यानं ते कण्हण्यात घालवलं.

“लई चांगला खाणारा होता,” कुणी म्हातारी म्हणाली.

होता. नेमिनाथच्या मनात आलं, उठून हिला तिच्या माहेरची विचारपूस करावी.

मग कुणीतरी त्याचा हात घट्ट धरला आणि वरून गरम थेंब पडला. तो भूपाल होता आणि खरोखरच रडत होता. “अण्णा, काढतो ती गादी. आईशप्पत काढतो. उठा.” नेमिनाथला क्षणभर वाईट वाटलं. फार नाही. गादीचा विषय होता शेवटी.

गर्दी हलली, बांगड्या वाजल्या, आणि ओळखीचा तळहात त्याच्या कपाळावर आला. तळहात तिथं थांबला. मग पालथा होऊन परत थांबला. कपाळ ठणठणीत कोरडं होतं. गोठ्यातला घाम बघितलेल्या बाईला आणखी पुरावा नको होता.

तारामती खाली वाकली. पदर त्याच्या चेहऱ्यावर आला.

“अजून उठू नका,” ती कुजबुजली. “पान उचलायलेत. उचलू द्या आधी.” आणि तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो जे कण्हला ते शंभर टक्के खरं होतं.

ताक

त्याला नवरीच्या खोलीत नेऊन गादीवर झोपवलं. राजश्री शालू सावरत आली आणि रडवेली होऊन थोरल्या चुलत्याच्या पायाशी बसली. तारामतीनं तिला, भूपालला, आणि उदबत्ती घेऊन आलेल्या एका हौशी बाईला बाहेर काढलं आणि नागेंद्रला आत घेऊन कडी लावली. नागेंद्रच्या धोतरावर तुपाचा नकाशा पसरला होता.

नेमिनाथ उठून बसला. मांडी घातली. ताक मागितलं.

नागेंद्र भिंतीला टेकला. “तुम्हाला काय झालं न्हाय?”

“मला लई झालंय,” नेमिनाथ म्हणाला. “पण ते आज न्हाय.”

मग त्यानं तारामतीला बोटांचं, गोळ्यांचं, सगळं सांगितलं. तिला राग यायचा होता तो ऐकता ऐकता दुसरीकडंच वळला, आणि नागेंद्रनं आयुष्यात एवढं ऐकून घेतलं नसेल तेवढं पुढच्या काही मिनिटांत ऐकलं. घरी बायकोला सांगितलंय का? न्हाय. डॉक्टरला दाखवलंय का? न्हाय. लाज वाटतीया का? यावर तो धोतरावरचं तूप पुसू लागला. शेवटी म्हणाला की दवाखान्यात गेलो तर गावभर व्हईल, खोताला खाणं बाधलं म्हणून.

“तुम्हाला कोण न्यायलंय?” नेमिनाथ म्हणाला. “मला न्यायचंय. पाव्हणा माझ्या पानावर पडला न्हाय, मी त्याच्या पानावर पडलो. उद्या सकाळी बेळगावला मला तुम्हीच घेऊन जायचं. आजारी माणसाचा हट्ट हाय. मोडता येत न्हाय.”

“आणि ह्यास्नी धरायला ताकदीचंच माणूस लागतंय,” तारामती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली आणि कडी काढायला वळली. दार उघडायच्या आधी तिनं मागं न बघता सांगितलं, “आडवं व्हा.”

नेमिनाथ आडवा झाला. बाहेर वार्ता पसरली की अण्णा शुद्धीवर आलेत आणि नागेंद्रशिवाय कुणाला ओळखत नाहीत.

बडीशेप

दुसऱ्या दिवशी बेळगावात, त्याच दवाखान्यात, नेमिनाथनं आपल्या डॉक्टरांना नमस्कार केला आणि ज्याला धरून आला होता त्याला पुढं ढकललं. नागेंद्र रात्रीपासून उपाशी होता, नळी घालून बघायचं असलं तर रिकामंच यावं लागतं. जन्मात पहिल्यांदाच त्याचं पोट सकाळी रिकामं होतं आणि ते सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं. नेमिनाथनं त्याच्या शेजारी बसून डबा उघडला आणि अर्धी इडली इतक्या चवीनं, इतका वेळ लावून खाल्ली की नागेंद्र म्हणाला, अण्णा, काल तूप सांडलं त्याचा सूड मी घ्यायला पायजे, तुम्ही न्हाय.

आत जखम निघाली. मोठी होती, रक्त येत होतं, पण गाठ नव्हती. तुकडा तपासायला गेला. औषधं, पथ्य, लग्नातली पंगत बंद, आणि परत येऊन दाखवायचं. डॉक्टर हे सांगत असताना नागेंद्र मान डोलवत होता, पण बाहेर बाकावर येऊन बसला तेव्हा त्याचे खांदे उतरले होते.

“आता लग्नाला जाऊन काय करू?” तो म्हणाला. “भात कालवत बसू?”

हा प्रश्न नेमिनाथनं स्वतःला सबंध एक पावसाळा विचारला होता. त्यानं खरं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. आधी लोक आवाज खाली आणतात, म्हणाला. मग खुर्ची देतात. त्या खुर्चीवर लगेच बसायचं न्हाय. मग तुम्ही देव देव करून बघशीला, ते जमायचं न्हाय. मग एक दिवस कुणाच्या तरी पानावर वाकून बघताना ध्यानात येतंय की आपल्याला लई काय काय येतंय, नुसतं खाणंच येत होतं असं न्हाय.

“म्हंजे काय येतंय?”

“मला कालच कळलंय. मला चक्कर येतीया. झकास.”

नागेंद्र हसला. पोट धरून, दुखत असतानाही. मग म्हणाला की कालचं पडणं त्याला अगदी खरं वाटलं होतं. आपल्याला असलं कधी साधायचं न्हाय, आपण पडलो तर जमीन हादरंल.

“उठा,” नेमिनाथ म्हणाला.

तो दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात मधोमध जाऊन उभा राहिला आणि शिकवू लागला. आधी बोलणं अर्ध्यात तोडायचं. मग नजर वर न्यायची, पंख्याकडं, पण पंखा दिसतोय असं दाखवायचं न्हाय. गुडघा एकच वाकवायचा, दोन्ही वाकवले की नमस्कार केल्यासारखं दिसतंय. आणि पडायचं कुठं ते आधी ठरवून ठेवायचं.

नागेंद्रनं पहिल्यांदा केलं ते लग्नातल्या फोटोला उभं राहिल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा तो पडायच्या आधीच हसला. नेमिनाथनं कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं असं बघितलं, जसं कधीकाळी हाताखाली नवी पोरं खायला बसवताना बघायचा. “मन लावा की,” तो म्हणाला. “तुमची आत्या सदलग्याहून बघायलीया असं समजा.”

तिसऱ्यांदा नागेंद्र इतका सुंदर कोसळला की औषधांच्या खिडकीपासचा बाक हलला, दोन नर्स धावत आल्या, मागून वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत आला, आणि एका बाईनं रडायलाच सुरुवात केली. नर्सनं नेमिनाथला विचारलं, तुम्ही कोण यांचे?

नेमिनाथनं थोडा विचार केला.

“मास्तर,” तो म्हणाला. “उचलू नका अजून. पाय बघा, सरळ ऱ्हायलेत. तिथं चुकतंय त्यांचं.”